पडद्यावरचा अक्स

टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढला तर त्याला कला म्हणायचं का? प्रश्न फुटकळ वाटतो. प्रसंग दुसऱ्याने रचला, उजेड दुसऱ्याने लावला, कॅमेरा दुसऱ्याने फिरवला. याने काय केलं? समोर बसून बटन दाबलं. यात कसली आली आहे कला, असं कुणीही म्हणेल. आमच्यासारख्या फोटोवर पोट भरणाऱ्यांना मात्र हा प्रश्न इतका सहज झटकता येत नाही. आम्ही म्हणजे मिरजेत अब्बांच्या पश्चात स्टुडिओ चालवणारे दोघं भाऊ. लिहिण्याचं काम धाकट्याकडे आहे, पण मतं दोघांची आहेत. काही पटून एक झालेली, काही भांडून.

आधी धंद्यातली गोष्ट सांगतो. पडद्याचा फोटो काढणं वाटतं तितकं सोपं कधीच नव्हतं. जुन्या डबा टीव्हीत चित्र असं एकसंध नसायचंच. काचेच्या आतल्या बाजूला इलेक्ट्रॉनचा एक झोत ओळीमागून ओळ काढत वरून खाली यायचा. आपल्याकडच्या पद्धतीत अशा ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रं. म्हणजे कोणत्याही क्षणी काचेवर खरा उजळलेला असायचा तो एक ठिपका आणि त्याच्यामागे विझत चाललेला उजेड. बाकीचं चित्र आपले डोळे जुळवून घ्यायचे. कॅमेऱ्याला ही दयाबुद्धी नाही. शटर १/१२५ वर ठेवून फोटो काढला की चित्राचा एक पट्टा तेवढा यायचा, बाकी काळोख. पूर्ण चित्र हवं तर शटर १/२५ किंवा त्याहून सावकाश ठेवावं लागे. त्यासाठी स्टँड लागे, खोलीतले दिवे बंद करावे लागत आणि फ्लॅश तर चुकूनही चालत नसे, कारण काचेवर फ्लॅशचा पांढरा डाग यायचा आणि चित्र धुऊन जायचं. पडद्यावरचा माणूस हलला की फोटोत तो पुसट. म्हणून फोटोग्राफरला माणूस थांबण्याची वाट पाहावी लागे, आणि पडद्यावरच्या माणसाला ‘जरा थांबा’ म्हणता येत नाही.

एवढी खटपट आहे म्हणून ती कला, असं आमचं म्हणणं नाही. खटपट तर पंक्चर काढण्यातही असते. पण ‘नुसतं बटन दाबलं’ हे म्हणणं खरं नाही, एवढं मान्य व्हावं.

पडद्याचा फोटो ही हलकी चीज मानणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसाने चंद्रावर पहिलं पाऊल ठेवलेलं जगाने पाहिलं, ते पडद्याचंच चित्र होतं. जुलै १९६९ मध्ये चंद्रावरच्या कॅमेऱ्यातून येणारं चित्र ३२० ओळींचं होतं आणि सेकंदाला दहाच चित्रं. घरोघरच्या टीव्हीला ते चालण्यासारखं नव्हतं. मग पृथ्वीवरच्या केंद्रांत काय केलं? ते चित्र एका चांगल्या पडद्यावर दाखवलं आणि त्या पडद्यासमोर दुसरा टीव्ही कॅमेरा उभा केला. कोट्यवधी लोकांनी पाहिलं ते या दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र. आपल्या देशात तेव्हा टीव्ही होता फक्त दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, आणि आमच्या गल्लीत टीव्ही यायला आणखी कितीतरी वर्षं गेली. अब्बांनी चंद्राची बातमी रेडिओवर ऐकली. पुढे कळलं ते असं की, मूळ सिग्नल ज्या टेपांवर भरून ठेवला होता त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. नासानेच २००९ मध्ये तसं सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या केंद्रावर एका तंत्रज्ञाने स्वतःच्या छोट्या सिनेकॅमेऱ्याने समोरच्या पडद्याचं चित्रण करून ठेवलं होतं. मूळ गेलं, पडद्याची ही नक्कल राहिली.

पण जतन करणं वेगळं आणि कला वेगळी. अमेरिकेच्या ली फ्रीडलँडर यांनी १९६० च्या दशकात टीव्हीचे फोटो काढले, ते जतन करायला म्हणून नव्हे. त्या मालिकेला ‘द लिटल स्क्रीन्स’ म्हणतात. रस्त्याकडेच्या मोटेलांतल्या रिकाम्या खोल्या, पलंग, मेज, दार, आणि कोपऱ्यात चालू असलेला टीव्ही. त्या टीव्हीवर कुणाचा तरी चेहरा, कुठे तान्हं मूल, कुठे नुसते डोळे. खोलीत माणूस नाही, पण पडद्यावरचा माणूस खोलीकडे टक लावून पाहतो आहे. हे फोटो ‘हार्पर्स बझार’ मासिकात १९६३ मध्ये छापून आले तेव्हा सोबतचा मजकूर वॉकर इव्हान्स यांनी लिहिला होता, म्हणजे त्या काळचे अमेरिकन फोटोग्राफीतले बुजुर्गच. तिथला फोटो पडद्याचा आहेच, पण पडद्यापुरता नाही. पडद्यावरचं चित्र टीव्ही कंपनीचं. ते चित्र रिकाम्या खोलीत कसं दिसतं, हे फ्रीडलँडर यांचं. कार्यक्रम बनवणाऱ्याला ही खोली ठाऊकच नव्हती.

त्याआधी १९६० मध्ये गॅरी विनोग्रँड यांनी लॉस एंजेलिसच्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात एक फोटो काढला. केनेडी भाषण करताहेत, कॅमेरा त्यांच्या पाठीमागे. आपल्याला दिसते ती पाठ. चेहरा दिसतो तो खाली ठेवलेल्या एका छोट्या टीव्हीच्या पडद्यावर. माणूस हाताच्या अंतरावर उभा आहे आणि त्याचा चेहरा मात्र डब्यात आहे. पुढच्या काळातल्या राजकारणाबद्दल पुस्तकं लिहून जे सांगायला लागलं असतं ते त्या एका फोटोत आलं आहे. याला कला म्हणू नका असं सांगायला आमची तरी जीभ रेटत नाही.

यानंतरची मंडळी आणखी पुढे गेली. शेरी लेव्हिन यांनी १९८१ मध्ये याच वॉकर इव्हान्स यांच्या छापील फोटोंचे फोटो काढले आणि स्वतःच्या नावाने भिंतीवर लावले. फ्रेम बदलली नाही, काही जोडलं नाही. अलीकडे मायकेल वुल्फ यांनी घरी संगणकापुढे कॅमेरा लावून गूगलच्या रस्तादर्शनातले प्रसंग टिपले. २०११ मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत त्यांना सन्माननीय उल्लेख मिळाला आणि जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांत वाद पेटला. माणूस रस्त्यावर गेलाच नाही तर तो रस्त्याचा फोटोग्राफर कसा? या वादात आम्ही दोघं भाऊ दोन बाजूंना आहोत. थोरल्याचं म्हणणं, लाखो चित्रांतून नेमकं एक वेचणारी नजर ही नजरच आहे. धाकट्याचं म्हणणं, नजर आहे, पण ऊन लागलेलं नाही.

आम्हाला सगळ्यांत जवळचा वाटतो तो मात्र यांच्यातला कुणी नव्हे. लंडनचा जॉन क्युरा. हा आमच्या जातीचा माणूस, धंदेवाईक. १९४७ पासून १९६८ पर्यंत त्याने घरी बसून टीव्हीच्या पडद्याचे फोटो काढले. एका कार्यक्रमाचे साठ ते ऐंशी. त्यांना तो ‘टेलिस्नॅप्स’ म्हणे आणि नटांना, दिग्दर्शकांना विकत असे. तेव्हा घरी व्हिडिओ नव्हता, बरेच कार्यक्रम थेट प्रक्षेपित व्हायचे, आणि नटाला आपण कसे दिसलो हे पाहायला दुसरी सोय नव्हती. क्युराने स्वतःला कलावंत म्हणवून घेतलं नाही, त्याने पैसे घेतले. पुढे बीबीसीने जुन्या टेपा पुसल्या, फिल्म्स नष्ट केल्या. टेप महाग होती आणि जुन्या कार्यक्रमांची किंमत कुणाला वाटत नव्हती. ‘डॉक्टर हू’ या गाजलेल्या मालिकेचे नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. १९६४ मधली मार्को पोलोची सात भागांची कथा गेली. आज ती कथा कशी दिसत होती हे कळतं ते मुख्यतः क्युराच्या फोटोंवरून. आवाज उरला तो घरी टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. कलाकृती गेली आणि मजुराने काढलेली नक्कल तिची वारस ठरली. मिरजेत आम्ही सतारमेकरांच्या शेजारी वाढलो. सतार करणारा कलावंत की कारागीर, असा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. भोपळा नीट वाळला का, एवढंच विचारतात. क्युराकडे पाहताना ते आठवतं.

आता आमच्या स्टुडिओतली गोष्ट. नावं सांगत नाही.

१९९६ ची गोष्ट आहे. मोहल्ल्यातल्या एक खाला व्हिडिओ कॅसेट घेऊन आल्या. त्यांचा बारा वर्षांचा मुलगा कावीळ होऊन गेला होता, त्याला चाळीसेक दिवस झाले होते. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. घरधनी दीनदार माणूस, घरात तसवीर लावू देत नसे आणि काढूही देत नसे. शाळेचा ग्रुप फोटो निघाला त्या दिवशी मुलगा आजोळी होता. नात्यातल्या एका लग्नाची कॅसेट मात्र होती, आणि तीत शरबताचं तबक घेऊन तो कॅमेऱ्यासमोरून जाताना दिसायचा. सगळं मिळून सहा-सात सेकंद.

खाला म्हणाल्या, “बाबा, इसमें से मेरे बच्चे कू निकालके दे.”

हे काम आम्हाला नवं नव्हतं. लग्नाच्या कॅसेटमधून गेलेल्या माणसांचे फोटो काढून द्यायची कामं त्या काळी स्टुडिओवाल्यांकडे येत. व्हीसीआर थांबवला की चित्र थरथरायचं, मधून पांढरी रेघ जायची. पुढेमागे करून रेघ चेहऱ्याखाली न्यायची आणि फोटो काढायचा. त्या दिवशी दुकानाचं शटर ओढून, दिवे मालवून आम्ही बसलो. अब्बांचा जुना कॅमेरा स्टँडवर, ब्लॅक अँड व्हाइट रोल, शटर १/८ वर. कॅसेट इतक्या वेळा मागे घेतली की टेप तुटेल म्हणून जीव धास्तावला. पूर्ण रोल खर्च केला. रात्री डार्करूममध्ये धुतला आणि सकाळी सगळ्या फ्रेम्स एका कागदावर छापल्या.

आमच्या दोघांच्याही मते एक फ्रेम उत्तम होती. मुलगा सरळ कॅमेऱ्याकडे बघतो आहे, नाकडोळे स्वच्छ, रेघ गळ्याच्या खाली. खालांनी ती पाहिली आणि बाजूला ठेवली. मग शेवटच्या ओळीतल्या एका फ्रेमवर बोट ठेवलं. तीत मुलगा मान वळवून कुणाला तरी हसतो आहे. चेहरा पुसट, एक डोळा ओळींत विरघळलेला, तबक मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. “ये,” एवढंच म्हणाल्या. आम्ही दुसरी फ्रेम पुन्हा दाखवली. त्यांनी बोट हलवलं नाही.

तीच मोठी करून दिली. एन्लार्जरखाली बघताना कळलं, तबकावरचे पेले कलंडू नयेत म्हणून त्याने अंगठे आतून दाबून धरले होते. लग्नाचं चित्रण करणाऱ्याने हे पाहिलं नव्हतं, त्याचं लक्ष नवऱ्या मुलाकडे होतं. आम्हीही पाहिलं नव्हतं. पाहिलं ते आईने.

दोनेक महिन्यांनी मुलाचे वालिद दुकानात आले. आम्ही उभे राहिलो. वाटलं, रागावतील. त्यांनी खिशातून पैसे काढले. आम्ही घेतले नव्हते हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, “कॅसेट में था तो अक्स था. तुमने कागज पे उतारा, तसवीर हो गयी.” आवाजात राग नव्हता, नुसता हिशेब सांगितल्यासारखा स्वर होता. मग जाताना दारात थांबून विचारलं, “हा कागद किती वर्षं टिकतो?” आम्ही सांगितलं, नीट धुतलेला आहे, ऊन आणि ओल लागली नाही तर आपल्या हयातीपेक्षा जास्त टिकेल. ते म्हणाले, “ऊन लागत नाही. पेटीत आहे.” पैसे काउंटरवर ठेवून गेले.

अक्स आणि तसवीर. आमच्या बुजुर्गांनी यावर फार खल केला आहे. आरशातलं प्रतिबिंब जायज, कारण ते टिकत नाही. समोरचा माणूस सरला की ते सरतं. हाताने काढलेली सजीवाची तसवीर टिकते, म्हणून तिच्यावर आक्षेप. फोटो आला तेव्हा तो आरसा की तसवीर, हा पेच पडला. इजिप्तचे एके काळचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई (मृत्यू १९३५) यांनी तो आरशाच्या बाजूला टाकला: फोटो म्हणजे अल्लाहने निर्माण केलेल्या वस्तूची सावली रोखून धरणं, नवीन निर्मिती नव्हे. आपल्या उपखंडातल्या अनेक उलेमांना ते पटलं नाही. टीव्ही आल्यावर पुन्हा तोच खल. पडद्यावरचं चित्र स्थिर नाही, उमटतं आणि विझतं, म्हणून काहींनी त्याला अक्स मानलं आणि कागदावर छापलेल्याला तसवीर. आम्ही फतव्याच्या भानगडीत पडणारी माणसं नाही. पण कला कशाला म्हणायचं हा प्रश्न सोडवणाऱ्यांनी हा वाद एकदा वाचावा असं वाटतं. ज्याला समीक्षक ‘निर्मिती’ म्हणतात, नेमकं तेच आमचे आलिम शोधत होते: प्रतिबिंब कुठे संपतं आणि माणसाचा हात कुठे सुरू होतो. पडद्याचा फोटो ठीक त्या उंबऱ्यावर उभा आहे. विझणाऱ्या अक्साला कुणीतरी हात घालून थांबवतं. कुठे थांबवायचं हे तो हात ठरवतो. मुलाच्या वालिदांनी पुस्तकं न उघडता ते एका वाक्यात सांगितलं होतं.

हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी ग्रहणाच्या वेळी बारीक छिद्रातून आलेला उजेड समोर पाडून पाहिला, आणि कोरीच्या आकाराचा सूर्य उमटलेला दाखवला. सूर्य त्यांनी बनवला नव्हता. छिद्र केवढं असलं म्हणजे आकार दिसतो, हे त्यांनी शोधलं. फोटोग्राफीची अख्खी कथा त्यात आली असं आम्हाला वाटतं.

कायद्याचं म्हणणं आणखी मजेशीर आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात फोटो ही ‘कलात्मक कृती’ आहे, मग तिच्यात कलागुण असोत वा नसोत. म्हणजे पासपोर्ट फोटोसुद्धा कलाकृती! पण त्याच कायद्यात सिनेमाच्या प्रतीत त्यातल्या कोणत्याही चित्राचा फोटोही धरला आहे, आणि ती प्रत काढायचा हक्क सिनेमाच्या मालकाचा. एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं. कायद्याला एवढंच विचारता येतं की चित्र कुणाच्या मालकीचं. त्याच्यात कुणाची नजर आहे हे कायद्याचं काम नाही.

हे सगळं आज लिहायचं कारण घरातलं आहे. थोरल्याचा मुलगा पुण्यात फोटोग्राफी शिकतो. जुन्या निगेटिव्ह चाळताना त्याला ती पट्टी सापडली. त्याने ती मोठी करून पाहिली आणि म्हणाला, चाचा, तुम्ही आयुष्यभर काढलेल्या फोटोंत हाच खरा. चार फूट उंच छापू, ओळी दिसल्या पाहिजेत, प्रदर्शनाला देऊ. मुलाला समज आहे. तो म्हणत होता त्यातलं काही खोटं नव्हतं. फ्रीडलँडरची खोली रिकामी होती. आमच्या फ्रेममध्ये लग्नाची गर्दी आहे आणि तरी मुलगा एकटा आहे. आम्ही चार दिवस भांडलो. थोरला म्हणाला, देऊ या, कला पेटीत ठेवायची नसते. धाकटा म्हणाला, ज्याने निवडलं त्याला विचार. निवडलं खालांनी, आणि त्या २०११ मध्ये अल्लाहला प्याऱ्या झाल्या. वालिद त्यांच्या आधीच गेले.

मुलाची एक बहीण आहे, रत्नागिरीकडे दिलेली. तिला फोन केला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, पेटीतला फोटो माझ्याकडे आहे. अम्मी वर्षातून एकदा काढून बघायची आणि परत ठेवायची. भाईजान, तो बघायला लावायचा फोटो नाही. आम्ही निगेटिव्ह पाकिटात घातली आणि तिच्याकडे पाठवून दिली. पुतण्या दोन दिवस रुसला, मग त्यानेच पाकिटावर पत्ता लिहिला.

आता घरोघरी मोबाइल आहेत. कुणी क्रिकेटचा निकाल टिपतो, कुणी निवडणुकीचे आकडे, कुणी नात टीव्हीवर दिसली म्हणून तिचा फोटो. नव्या पडद्यांचे आणि मोबाइलचे ठिपके एकमेकांत अडकतात आणि फोटोवर लाटा उमटतात. त्यातले बहुतेक फोटो संध्याकाळी पुसले जातात. ते कला नाहीत आणि व्हायची गरजही नाही. पण त्यांत एखादा असा असतो की जिथे दाखवणाऱ्याला जे दिसलं नव्हतं ते बघणाऱ्याने पाहिलेलं असतं. तेवढ्यापुरतं ते चित्र पडद्याच्या मालकाचं राहत नाही. आम्ही त्याला कला म्हणतो. ती भिंतीवर लागते की पेटीत राहते, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फोटोग्राफरने एकट्याने द्यायचं नसतं.